आभार होईपर्यंत बाहेर थांबा

ज्याच्या हक्कासाठी सभा बोलावली, त्यालाच जागेवरून उठवून तुम्ही कधी ती सभा घेतली आहे का? लगेच नाही म्हणू नका. जरा आठवून बघा. तुम्ही बोलणाऱ्यांत असाल, नाहीतर मागच्या रांगेत पंख्याखाली. आणि दाराबाहेर कुणीतरी पुस्तक छातीशी धरून, तुमचं कधी आटपतंय याची वाट बघत उभं असेल. मला ते दार माहीत आहे. दरवर्षी या दिवसांत ते आठवतं आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं.

फेब्रुवारी सरायला लागला की लालबागकडून येणारा वारा तिखट होतो. मसाल्याचे दिवस सुरू झालेले असतात. कुठून कुठून बायका पिशव्या घेऊन येतात, मिरच्या हाताने मोडून बघतात, भावावरून भांडतात, आणि कांडपाच्या गिरण्यांसमोर नाकाला पदर लावून नंबर धरतात. आमच्या घोडपदेवच्या चाळीत गॅलरीभर जुनी लुगडी अंथरून त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या असतात. धणे भाजल्याचा वास जिन्यापर्यंत येतो. आणि नेमक्या याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. माझ्या डोक्यात म्हणूनच परीक्षेला लाल मिरचीचा वास आहे. इतरांना पेपरच्या दिवशी दही-साखर आठवते. मला शिंका आठवतात. एका हातात प्रवेशपत्र, दुसऱ्या हातात रुमाल, आणि पाठीमागून आईचा आवाज, "पुसू नको डोळे, हाताला मिरची लागलीय!"

एका खोलीत सहा माणसं असली की अभ्यास ही घरात करायची गोष्ट राहत नाही. कुणीतरी कामावरून येऊन आडवं झालेलं असतं, कुणीतरी मालिका बघत असतं, कुकरला शिट्टी व्हायची असते. मुलं पुस्तक घेऊन गॅलरीत जातात, तिथे मिरच्या. जिन्यात जातात, तिथे येणारे-जाणारे. म्हणून आमच्याकडे अभ्यासिका होती. एका जुन्या सरकारी इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. कोणत्या खात्याची ते विचारू नका. ते त्या खात्यालाही नीट ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं आमच्या वाट्याला राहिली होती. चार-पाच लांब बाकडी, एक ट्यूबलाइट जी लागण्याआधी विचार करायची, आणि खिडकीला कुणीतरी कधीतरी बांधलेली हिरवी जाळी. संध्याकाळी उघडायची, जेवणाच्या वेळेला बंद व्हायची.

तिथे "शांतता राखा" अशी पाटी नव्हती. गरजच नव्हती. आत शिरणारा प्रत्येक जण आपल्या घरच्या आवाजाला इतका कंटाळून आलेला असायचा की चप्पलही हळू काढायचा. पानं उलटल्याचा आवाज. पेनाचं टोपण. कुणी पाढे पुटपुटायला लागलं की शेजारची मुलगी न बघता कोपराने ढोसायची. मी दहावीला तिथेच बसले, बारावीलाही. आयुष्यात पुढे मला खूप मोठ्या वाचनालयांतून बसायला मिळालं. तशी शांतता कुठे मिळाली नाही. ती कुणी दिलेली नव्हती, आम्ही दहा-पंधरा पोरांनी मिळून रोज नव्याने तयार केलेली होती.

आता माझं दुसरं शिक्षण सांगते. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात कामाला होते. शाई जास्त लागलेली, तिरकी कापली गेलेली, तारीख चुकलेली पत्रकं ते घरी आणायचे. कोरी बाजू आमच्यासाठी. एका बाजूला "जाहीर निषेध", दुसऱ्या बाजूला माझा लसावि-मसावि. भागाकार अडला की मी कागद उलटा करायचे आणि वाचत बसायचे. कामगारांनो, बंधू-भगिनींनो, नागरिकहो. मोर्चा कुठून निघणार, कुठे विसर्जित होणार. अन्यायाला नाव असतं, पत्ता असतो आणि त्याच्याविरुद्ध संध्याकाळी पाच वाजता जमता येतं, हे मला त्या कागदांनी शिकवलं. त्यामुळे कॉलेज संपता संपता मी दादरच्या एका पुरोगामी संघटनेत जायला लागले, तेव्हा घरी कुणाला नवल वाटलं नाही. बाबा फक्त म्हणाले, "पत्रक लिहिशील तेव्हा ओळी कमी ठेव. खिळे जुळवणाऱ्याचा जीव जातो."

संघटनेचं नाव सांगत नाही. अशा नावांची घडण एकच असते. आधी 'लोक', शेवटी 'मंच', मधे जे सुचेल ते. माणसं मात्र खरी होती, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर तोंडसुख घेणार आहे. कॉटन ग्रीनच्या गोदामांमागच्या झोपड्या पाडायला गाडी आली तेव्हा हीच माणसं गाडीसमोर बसली होती. कुणाच्या मुलीला जात बघून खोली नाकारली, तर हीच माणसं त्या घरमालकाच्या दारात उभी राहिली. आमचे निमंत्रक विश्वासदादा बँकेतून निवृत्त झालेले. खांद्याला शबनम, खिशात दोन पेनं, आणि कुणाचंही बोलणं मधे न तोडण्याची सवय. त्यांनी कधी कुणाच्या पैशाचा चहा घेतला नाही. अशा माणसांवर चिडायचं म्हणजे स्वतःच्याच घरात भांडण काढल्यासारखं वाटतं. तरी चिडते. घरातच तर माणूस खरा चिडतो.

दोन वर्षांपूर्वी, अशाच मिरचीच्या दिवसांत, अभ्यासिकेच्या दारावर एक कागद चिकटला. ही खोली एका खासगी संस्थेला भाड्याने द्यायचा विचार आहे. खोलीचा सध्या काय वापर होतो ते बघायला अधिकारी येतील. बस. मी तो कागद वाचला आणि पत्रकांवर वाढलेल्या माणसाचं जे होतं ते माझं झालं. अंगात वीज आली. त्याच संध्याकाळी मी दादरला जाऊन विश्वासदादांना सांगितलं. दादा उभे राहिले. "म्हणजे मुलांची अभ्यासाची जागाही आता बाजारात?" त्यांचा आवाज खरोखर कापत होता. लगेच ठरलं, अभ्यासिका बचाव समिती. पहिली बैठक उद्याच.

"कुठे घ्यायची?" कुणीतरी विचारलं.

"जिथे प्रश्न तिथे बैठक," दादा म्हणाले.

हे आमच्या संघटनेचं तत्त्व. कार्यालयात बसून लोकांबद्दल बोलायचं नाही, लोकांमध्ये जाऊन बसायचं. सुंदर तत्त्व आहे. मला आजही ते पटतं. झोपडी पाडत असतील तर झोपडीसमोर बसा. पाणी येत नसेल तर नळावर बैठक घ्या. पण जो प्रश्नच मुळात एका शांत खोलीचा आहे, तिथे तीस माणसं, एक डफ आणि चहाची किटली घेऊन बसलं की काय होतं, याचा विचार त्या तत्त्वात नव्हता. दादरचं कार्यालय दर संध्याकाळी रिकामं असायचं. तिथे दोन पंखे होते.

सायली तेव्हा दहावीला होती. माझ्या घरापासून चार दारं सोडून राहते. तिचे वडील कॉटन ग्रीनच्या गोदामावर रखवालदार, आजी अंथरुणाला खिळलेली, धाकटा भाऊ चोवीस तास क्रिकेटची कॉमेंट्री करणारा. तिला दहावीनंतर डिप्लोमा करायचा होता, यंत्रांचा. मिक्सर बिघडला की अख्खा मजला तिच्याकडे नेतो. त्यासाठी गणितात आणि विज्ञानात चांगले मार्क हवे होते. अभ्यासिकेतली खिडकीजवळची जागा तिची होती.

पहिल्या बैठकीला ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आपापल्या जागी बसलेल्या होत्या. आमची माणसं यायला लागली. प्रत्येक जण कौतुकाने म्हणाला, "अरे वा, अभ्यास चाललाय!" आणि बाजूला बसून मोठ्याने बोलायला लागला. मग ओळखपरेड. प्रत्येकाने नाव, काम आणि या लढ्याकडून अपेक्षा सांगायची. मग प्रास्ताविक. प्रास्ताविकात जागतिक परिस्थिती आली. तिथून खाली उतरत उतरत आम्ही देशाच्या शिक्षणधोरणापर्यंत पोचलो, आणि घोडपदेव लांबच होतं तोवर मुलींनी दप्तरं भरली.

"बसा ना गं," विश्वासदादा म्हणाले. "तुमचाच तर प्रश्न आहे."

"नको काका, तुमचं चालू द्या," सायली म्हणाली. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना एवढंच म्हणता येतं. खरं काय ते ती दारात माझ्याजवळ येऊन म्हणाली. "ताई, कधी संपणार?"

"आभार झाले की."

"आभार कधी?"

आमचे आभार हा बैठकीनंतरचा वेगळा कार्यक्रम असायचा.

मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं की बैठका दादरला घेऊ या, मुलांची परीक्षा जवळ आली आहे. सगळ्यांनी मान हलवली. विश्वासदादांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "महत्त्वाचा मुद्दा. नोंदवला." ज्यांनी कधी अशा संघटनांतून काम केलं असेल त्यांना हे शब्द ऐकून आत्ताही दात खावेसे वाटतील. मुद्दा नोंदवला म्हणजे मुद्दा गेला. त्याला हार घालून भिंतीवर टांगला. पुढची बैठक तिथेच झाली. कारण? "जागा सोडली तर आपला दावा कमजोर होईल." हेही मला पटलं, हे सगळ्यात वाईट. आमच्याकडे प्रत्येक चुकीच्या गोष्टीला इतकं चांगलं कारण असतं!

मग रोजच व्हायला लागलं. आज बैठक, उद्या घोषणांची तयारी, परवा गाणी. बाकडी भिंतीला लावली, कारण मधे गोल बसायचं असायचं. कुणी वर, कुणी खाली असं आम्हाला चालत नाही. दोन बाकडी उलटी टाकून त्यांच्या पायांवर कापडी फलक वाळत घातला. त्यावर लाल अक्षरांत "आम्हाला अभ्यास करू द्या". रंग ओला होता म्हणून त्या बाजूला कुणी बसायचं नाही. सायलीची खिडकी त्याच बाजूला होती.

त्या दिवसांचा एक आवाज माझ्या कानातून जात नाही. आत डफ, आणि सगळे मिळून जागे होण्याबद्दल काहीतरी गातायत. बाहेर मेडिकलच्या दुकानाच्या पायरीवर तिघी मुली गुडघ्यावर पुस्तकं ठेवून कानात बोटं घालून बसल्यात. शेजारून मिरचीची पोती घेऊन हातगाडी जाते. मुली शिंकतात. गाणारे आणखी वरची पट्टी धरतात.

सायलीची आई, सुमनकाकी, एकदा तावातावाने आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. दारातूनच मला म्हणाली, "काय गो, तुमची ती सभा सरली काय नाय? पोरगी थंय पायरेर बसली हा."

"काकी, तिच्याचसाठी चाललंय," मी म्हटलं.

"तिच्यासाठी? मगे तिका आत घेवा आणि तुमी भायर बसा!"

आतल्या काही जणांनी हे ऐकलं. एकाने हसून "लोकांची ऊर्जा आहे" असं काहीतरी म्हटलं. काकींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला गेला.

अधिकारी आले ते ऐन संध्याकाळी. सोबत एक जण कॅमेरा घेऊन. त्या दिवशी आमची उपस्थिती विक्रमी होती. खोली भरून माणसं दारापर्यंत आली होती. अधिकाऱ्यांना आत यायला वाट नव्हती, म्हणून त्यांनी पायरीवरच्या मुलींना जरा सरकायला सांगितलं. मुली सरकल्या. साहेब आत आले. विश्वासदादांचा चेहरा उजळला. समोर प्रशासन, मागे जनता, अशी वेळ चळवळीत रोज येत नाही. त्यांनी साहेबांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि बोलायला सुरुवात केली. ते फार चांगलं बोलले. शिक्षण ही खैरात नाही, गरिबाला शांतता मिळणं हाही हक्क आहे, असं बोलले. मला रडू येईल असं वाटलं. साहेबांनी चहा संपवला आणि इकडेतिकडे बघितलं. उलटी बाकडी. डफ. किटली. रंगाचा डबा. कॅमेरेवाल्याने फोटो काढले.

"इथे अभ्यास कोण करतं?" साहेबांनी विचारलं.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आमच्यातला सर्वांत तरुण माणूस एम.ए. होऊन चार वर्षं झालेला होता.

"मुलं बाहेर आहेत," दादा म्हणाले.

"बाहेर का?"

मी गर्दीतून वाट काढत बाहेर गेले, सायलीला हाताला धरून आत आणलं. ती घाबरली होती. पुस्तकात बोट तसंच. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी तिला सौम्यपणेच विचारलं, "बाळा, तू इथे अभ्यासाला बसतेस?"

"हो."

"आज कुठे बसली होतीस?"

सायलीने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण ती इतकी सरळ मुलगी आहे की वाकडं बोलायचं कसं तेच तिला येत नाही.

"मेडिकलच्या पायरीवर."

"काल?"

"पायरीवर."

थोड्या दिवसांनी दारावर नवा कागद आला. खोलीचा उपयोग अभ्यासासाठी होत नसून राजकीय बैठकांसाठी होत असल्याचं पाहणीत आढळलं, म्हणून ती बंद करण्यात येत आहे. खाली शिक्का, वर कुलूप. तो कागद मी तिरमिरीत वाचला. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि सगळं मिळून धडधडीत अन्याय होता. लबाडी कुठे होती ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. ज्यांना ती खोली हवीच होती, त्यांना आम्ही ती सजवून दिली होती, वर चहा पाजला होता.

निषेधाची बैठक दादरला झाली. पंख्याखाली. निषेधाचं पत्रक मीच लिहिलं आणि ओळी कमी ठेवल्या. बाबांनी वाचून "बरं झालंय" म्हटलं, आणि मागची कोरी बाजू उलटून बघितली, सवयीने. तिथे लिहायला आता घरात कुणी नव्हतं.

सायली पास झाली. गणितात जेमतेम. डिप्लोमाची यादी लागली, त्यात तिचं नाव आलं नाही. आता याला एकटी संघटना जबाबदार, असं मी म्हणणार नाही. सरकारी डिप्लोमाच्या जागाच मुळात किती, खासगीची फी किती, घरात आजी आजारी, हे सगळं आहेच. पण त्या शेवटच्या तीन आठवड्यांत तिला एक बाकडं मिळालं असतं. ते देणं आमच्या हातात होतं. ते आम्ही फलक वाळवायला वापरलं. तिने कॉमर्स घेतलं. अजूनही मजल्यावरचे मिक्सर तिच्याकडेच येतात.

आणि ती खासगी संस्था? ती आलीच नाही. तो प्रस्ताव कुठल्यातरी टेबलावर विरघळला. खोली तशीच बंद. आजच संध्याकाळी तिच्यावरून गेले. कुलूप गंजलंय, जाळीतून आत बघितलं तर मोडक्या खुर्च्यांचा ढीग आणि कुठल्यातरी निवडणुकीतल्या मतदानपेट्यांची रिकामी खोकी. खिडकीच्या कट्ट्यावर शेजारच्या बाईने मिरच्या वाळत घातल्या होत्या. तेवढा एकच उपयोग त्या जागेचा आता होतो.

यंदा सायलीची बारावी. परवा जिना चढताना ती वळणावर दिसली. पाटावर वही, पायाशी मोबाइलचा टॉर्च उभा केलेला, कारण जिन्यातला दिवा कुणीतरी काढून नेलाय. कुणी वर येऊ लागलं की ती पाय आखडून घेते, माणूस गेला की परत पसरते. दर दोन मिनिटांनी. तिचं लक्ष नसतानाही पाय आपोआप मागे जात होते.

"इथे होतो का अभ्यास?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न.

"होतो की. फक्त चौथ्या मजल्यावरचा तो पाटील दिवसातून आठ वेळा उतरतो. त्याला काय काम असतं देव जाणे." मग हसून म्हणाली, "ताई, या वर्षी नाही ना काही तुमचं?"

तिने थट्टेत विचारलं. मला ते बरगडीत लागलं. कारण सकाळीच विश्वासदादांचा फोन येऊन गेला होता. "अभ्यासिका पुन्हा उघडा" अशी मोहीम घ्यायची आहे. सुरुवात एका परिषदेने. त्यात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून सायलीने बोलावं.

"कधी आहे परिषद?" मी विचारलं होतं.

"याच रविवारी. वातावरण तापलेलं असताना घ्यायला हवं."

"दादा, सोमवारी तिचा अकाउंट्सचा पेपर आहे."

फोनवर वहीचं पान उलटल्याचा आवाज. मग, "अच्छा. मुद्दा महत्त्वाचा आहे."

"नोंदवू नका!" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. "दादा, पाया पडते, नोंदवू नका. फक्त तिला बोलवू नका."

त्याच संध्याकाळी मी आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या ऑफिसपाशी गेले. वर्षातले काही आठवडे तिथे पाय ठेवायला जागा नसते. उरलेलं वर्ष ते बंद. आत ट्यूबलाइट आहे, पंखा आहे, टेबल आहे. मंडळाचा सेक्रेटरी नितीन माझ्याच वर्गातला. मला दारात बघून त्याने हातच जोडले. "या या, क्रांतिकारक! आज आमच्याकडे? वर्गणीचा हिशेब मागायला की डीजेची तक्रार करायला?"

"खोली हवी आहे. संध्याकाळची. पोरांना अभ्यासाला."

"एवढंच? मग घे की."

"एवढंच? बैठक नाही घ्यावी लागणार तुम्हाला?"

"कशाला बैठक? चावी समोरच्या पानवाल्याकडे असते. पोरांना सांग घ्यायला आणि जाताना द्यायला. पंखा मात्र बंद करा म्हणावं." मग खाजगीत सांगितल्यासारखा म्हणाला, "आणि शनिवारी आमची पत्त्यांची बैठक असते, ती मी गच्चीवर हलवतो. पण वर्गणीला नाही म्हणायचं नाही हां या वेळी."

इतकी वर्षं त्या खोलीवरून आम्ही जात होतो. डीजेवरून भांडलो, वर्गणीवरून भांडलो, आणि ते भांडण योग्यच होतं, पुढेही करीन. पण दार ठोठावून चावी मागावी, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. दादांना सांगितलं तर ते अस्वस्थ झाले. "मंडळाच्या खोलीत? तिथे भिंतीवर कुणाकुणाचे फोटो लावलेत, बघितलंस ना? यातून चुकीचा संदेश जाईल. आणि सरकारची जबाबदारी आपणच सरकारच्या खांद्यावरून उतरवतोय."

त्यांचं दुसरं वाक्य खरं आहे. ती खोली सरकारने उघडलीच पाहिजे, आणि त्यासाठी मी भांडणार आहे, पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, दादांच्या शेजारी उभी राहून. पण पहिल्या वाक्याबद्दल मी सायलीला विचारलं. भिंतीवर नेत्यांचे मोठमोठे फोटो आहेत, तुला चालेल का? ती पिशवीत पुस्तकं भरत होती. "त्यांच्यातला कुणी बोलतो का?"

"नाही."

"मग चालेल."

आत्ता मी हे लिहिते आहे तेव्हा ती तिथे आहे. येताना खिडकीतून बघितलं. सहा जणं होती. टेबलाच्या एका टोकाला सायली, पाय लांब पसरून. दोन मुलं खाली गणपतीच्या पाटावर बसलेली. एकीला मिरचीची शिंक आली तर बाकीच्यांनी वर न बघता "शूऽऽ" केलं. अजून आमच्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी टॉर्च लावून बसलंय. सहा जणांत ती खोली भरली.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते आजच करायचं आहे, कारण पेपर सुरू झालेत. तुमच्या जवळपास एखादी बंद खोली असेलच. सोसायटीचं ऑफिस असेल, मंडळाचं, युनियनचं, पक्षाचं, नाहीतर आमच्यासारख्या एखाद्या संघटनेचं, ज्यात दोन पंखे रिकामे फिरतात. तिची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा. संध्याकाळपुरती मागून घ्या. मग तुमच्या जिन्यात पाय आखडून बसलेलं जे कुणी असेल, त्याच्या हातात ती द्या. दिवा लागतो का तेवढं बघा आणि निघून या. फलक लावू नका, फोटो काढू नका. आणि हात जोडून सांगते, उद्घाटन करू नका.